पंधरा वर्षांचा कुओ हाई-शेंग

मी एक पाट बोलतोय. गुडघे टेकायचा पाट. तैपेईच्या जुन्या बाजारात, सुकी कोळंबी आणि औषधी मुळ्या विकणाऱ्या दुकानांच्या गर्दीत, माझू आईचं देऊळ आहे. तिच्या पुढ्यात, धूपपात्राच्या आतल्या अंगाला माझी जागा. उंचीला जेमतेम वीतभर, लांबीला दोन हात आणि डोक्यावर लाल गादी. गादी झिजली की नवी येते. खालचं लाकूड मात्र पहिल्या दिवसापासून तेच आहे.

मी कापराच्या झाडाचा. जपानी अंमल होता तेव्हा डोंगरातून एक भलामोठा ओंडका बैलगाडीवर घालून इथे आणला. लाई नावाच्या मूर्तिकाराने त्यातून देवीचा रक्षक कोरला. तो बघा, पलीकडे कानाला हात लावून उभा आहे, हजार कोसांवरचं ऐकणारा. उरलेल्या लाकडात मी झालो. रक्षक कोरताना लाईने महिनाभर मासळी सोडली होती, अंघोळ केल्याशिवाय छिन्नीला हात लावत नव्हता. माझ्या वेळी तो शेंगा खात होता आणि जावयाला शिव्या घालत होता. एकाच झाडाचे आम्ही दोघे भाऊ, त्यातला एक देव झाला आणि एक पाट. सुरुवातीला मला ते फार लागलं होतं. पुढे लागेनासं झालं. भाऊ दूरचं ऐकतो, मी जवळचं ऐकतो, आणि माणसं खरं जे काही असतं ते अगदी जवळच बोलतात.

आणि माझ्यासमोर ती आहे. मी आलो तेव्हाच तिचा चेहरा धुराने काळवंडला होता, आता तर कोळशासारखा झालाय. मुकुटाच्या मण्यांच्या झालरीआडून फक्त डोळ्यांच्या फटी दिसतात. बाहेर स्कूटरींचा गलका असतो, जमिनीखालून गाडी गेली की माझे चारी पाय थरथरतात, दारातला फुलवाला मोबाइलवर ओरडत असतो. पण माणूस ड्रॅगन कोरलेल्या, आत यायच्या दाराने आला, तिच्याकडे एकदा बघितलं, की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. कोणी सांगावं लागत नाही. इतकी वर्षं रोज समोर बसूनही माझं तेच होतं. छाती भरून येते आणि थोडी भीतीही वाटते.

माणसाची ओळख मला गुडघ्यांवरून पटते. खाटकाचे गुडघे धाडकन येतात. परीक्षेला बसलेल्या मुलींचे टेकून न टेकल्यासारखे असतात. निवडणुकीच्या आधी जे येतात त्यांना सवयच नसते, ते तोल जाऊन शेजारच्याच्या अंगावर पडतात. टेकल्यावर प्रत्येकाने आपलं नाव, जन्मतिथी, वय आणि पत्ता सांगायचा, नाहीतर देवी शोधणार कुठे? एक गृहस्थ तर दर वेळी सांगतात, "पाचवा मजला, डावीकडचं दार, खालची घंटा बिघडलीय, तेव्हा हाकच मार." इतका भरवसा मी दुसऱ्या कुठल्या नात्यात ऐकलेला नाही.

मग कौल. चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे असतात. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. प्रश्न विचारायचा आणि ते माझ्या पुढ्यातल्या फरशीवर टाकायचे. एक सपाट, एक फुगीर वर आला, तर देवी हो म्हणाली. दोन्ही फुगीर वर आले, तर नाही. दोन्ही सपाट वर आले, तर देवी हसली. म्हणजे तुमचा प्रश्नच धड नाही. मोठ्या कामाला एकामागून एक तीन वेळा हो यावं लागतं.

आता पी-युनचं सांगतो.

ती पहिल्यांदा आली तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची असेल. याच बाजारात सासऱ्याच्या दुकानात सुकी अळंबी निवडायची. कडेवर अकरा महिन्यांचा हाई-शेंग होता, तापाने फणफणलेला. त्याच्यात रडायचंही त्राण नव्हतं. आमच्याकडे असं मूल देवीला दत्तक देतात. मग देवी त्याची आई, जन्मदातीने नुसतं वाढवायचं. गळ्यात लाल दोरा बांधतात, दोऱ्यात भोकाचं जुनं नाणं. दरवर्षी देवीच्या वाढदिवसाला मुलाला आणायचं, दोरा नवा करायचा, धूपपात्रावरून तीनदा फिरवायचा. सोळावं लागलं की देवीचे आभार मानायचे आणि दोरा उतरवायचा. मूल मोठं झालं, देवीची जबाबदारी संपली.

पी-युनने कौल टाकला. तीनदा हो आलं. पोर वाचलं.

त्यानंतर ती दरवर्षी आली. हाई-शेंग माझ्यावर रांगला, माझ्या गादीला त्याने शेंगदाण्याच्या चिक्कीचे हात पुसले. तो नऊ वर्षांचा असताना त्याच्या बापाची मासेमारीची बोट कीलुंगच्या बंदरात परत आली नाही. त्या वर्षी पी-युन आली आणि नाव-पत्ता काहीच न सांगता माझ्यावर कपाळ टेकून पडून राहिली. गादी दोन दिवस ओली होती.

आणि याच पोराने सोळाव्या वर्षी मालवाहू बोटीवर नोकरी धरली. पी-युन भांडली, तीन दिवस जेवली नाही. पण ऐकेल तर तो हाई-शेंग कसला! तो गेला. त्या साली देवीच्या वाढदिवसाला ती एकटी आली, हातात त्याचा सदरा. माणूस येऊ शकत नसेल तर त्याचा कपडा आणून धुरावर धरतात, तशी रीत आहे. सदरा तिने माझ्यावर पसरला, वर दोरा ठेवला आणि हळूच म्हणाली, "नाव कुओ हाई-शेंग. वय पंधरा."

मला वाटलं, बाई चुकली. दुःखात होतं माणसाचं असं.

पुढच्या वर्षी पुन्हा पंधरा. त्याच्या पुढच्या वर्षीही पंधराच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सोळा म्हटलं की देवी सुटली, आणि पोर तर समुद्रावर. माझू आई समुद्राचीच देवी. नवऱ्याला त्या पाण्याने गिळलं होतं. पोराला देवीच्या पदरातून काढायची पी-युनची छातीच झाली नाही.

सदरे मात्र वाढत गेले. आधी अंगाला घट्ट बसणारा, मग रुंद खांद्यांचा, मग इंजिनाच्या तेलाचे डाग पडलेला, मग पोट सुटलेल्या माणसाचा. एके वर्षी खिशात चष्म्याची काडी निघाली. तरी ही आपली गंभीर चेहऱ्याने सांगते, "वय पंधरा." पलीकडे माझा भाऊ कानाला हात लावून उभा. त्याला ऐकू गेलं नाही असं मी तरी कसं म्हणू? पण तोही गप्प राहिला आणि मीही. एक्केचाळीस वर्षं.

यंदा देवीच्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, सकाळी दहाच्या सुमाराला ती आली. एक्क्याऐंशी वर्षांची. तिच्या मागून करड्या केसांचा, समुद्राच्या उन्हाने रापलेला एक माणूस टोपली घेऊन आला. धुराने डोळे चोळत तो वरच्या नक्षीकडे, लोंबणाऱ्या उदबत्त्यांच्या वेटोळ्यांकडे बघत उभा राहिला.

देवळाचे राखणदार चुआंग धूपपात्रातली राख चाळत होते. तीस वर्षं ते हेच करतात. त्यांनी मान वर केली.

"युन-ताई, यंदा दोन दिवस आधी? आणि सदरा कुठाय?"

"वाढदिवसाच्या गर्दीत मला टेकता यायचं नाही. आणि आज सदऱ्यातला माणूसच आणलाय."

"हा तो हाई-शेंग? अरे वा! तुझ्या कपड्यांना मी तीस वर्षं ओळखतो रे, तुलाच कधी पाहिलं नव्हतं."

"कसले कपडे?" हाई-शेंगने विचारलं. "आई, माझ्या सदऱ्यांना कायम धुराचा वास यायचा तो यामुळे होय? बोटीवर लोक म्हणायचे, तू झोपतोस कुठे, स्मशानात?"

पी-युनने टोपलीतली तांदळाच्या पिठाची लाल कासवं काढून ताटात मांडायला घेतली. गोड असतात ती, देवीच्या आवडीची.

"सोळा?" हाई-शेंगने मोजली. "आपण खाणारी दोन माणसं, आणि सोळा कशाला गं?"

"मला खाली टेकव," ती म्हणाली.

त्याने तिला काखेत धरून माझ्यावर टेकवलं. डावा गुडघा वाजला, तो मला पाठ आहे. मग तिने हात जोडले आणि नेहमीसारखी सुरुवात केली. "नाव कुओ हाई-शेंग. वय..."

ती अडली.

"वय सत्तावन्न," ती एकदम मोठ्याने म्हणाली. "आई, मी तुझ्याशी एक्केचाळीस वर्षं खोटं बोलले. तो मोठा झालाय. केव्हाच झालाय. आता तो बोटीवरून कायमचा उतरला, म्हणून आज सांगते. मला माफ कर आणि त्याचा दोरा उतरवू दे."

चुआंग यांच्या हातातली चाळणी थांबली.

"आई, हे काय?" हाई-शेंग खाली वाकला. "तू तर म्हणाली होतीस, सोळाव्याला माझ्या माघारी सगळं उरकलं म्हणून."

"म्हणाले होते."

"मग?"

"मग काय मग? तू तिकडे पाण्यात, मी इथे अळंबी निवडत. माझ्या हातात दुसरं होतं काय?"

हाई-शेंग कोणाकडेही न बघता म्हणाला, "एकदा इंजिनखोलीत पाणी शिरलं होतं. वरचं झाकण अडकलेलं. ते आपोआप कसं उघडलं ते आजपर्यंत कुणाला कळलं नाही. मी म्हणायचो, नशीब." मग तो देवीकडे बघत राहिला. मी त्याचा चेहरा खालून पाहिला. त्यावर भीती होती.

पी-युनने कौल टाकला. दोन्ही सपाट. देवी हसली.

पुन्हा टाकला. पुन्हा हसली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा. फरशीवर तुकडे खटखटत पडायचे आणि दोन्ही सपाट बाजू वर. मागे रांग लागली होती. हेल्मेट काखेत धरलेली एक ऑफिसवाली पोरगी आधी घड्याळ बघत होती, ती आता टाचा उंचावून बघायला लागली. सहावा, सातवा. मी इतकी वर्षं इथे आहे, सात वेळा हसलेली देवी मी कधी पाहिली नव्हती.

"माझी टिंगल करतेय," पी-युन रडवेली झाली. "करणारच. मी कामच तसं केलंय."

"थांबा, युन-ताई," चुआंग पुढे आले. "तुम्ही दोन गोष्टी एकदम विचारताय. माफी वेगळी, दोरा वेगळा. हो म्हणायचं कशाला, तिला कळायला नको? एकेक विचारा."

पी-युनने डोळे पुसले. "आई, तू माझ्यावर रागावलीस का?"

दोन्ही फुगीर. रांगेतून हळहळ उमटली.

"अहो, हळहळता काय!" चुआंग ओरडले. "नाही म्हणाली. रागावले नाही म्हणाली!"

पी-युनने ओंजळीत तोंड लपवलं. तिच्या अंगातलं किती वर्षांचं ओझं त्या क्षणी खाली उतरलं ते मला विचारा, कारण ते माझ्यावर उतरलं. मग तिने पुन्हा तुकडे उचलले. "तर मग याचा दोरा उतरवू?"

नाही. पुन्हा नाही. तिसऱ्यांदाही नाही.

"अगं, असं कसं?" आता ती देवीशी भांडायलाच लागली. "पुढच्या वर्षी मला टेकता यायचं नाही. गुडघा गेलाय, डॉक्टर ओरडतो. मी गेल्यावर दोरा घेऊन कोण येणार तुझ्या दारात? हे अर्धवट ठेवून मी वर तुला काय तोंड दाखवू?"

हाई-शेंगने तिला हळूच बाजूला सरकवलं आणि तिच्या शेजारी, माझ्या उरलेल्या अर्ध्या भागावर गुडघे टेकले. जड, रुंद गुडघे. रजेवर आला तरी हा बाहेरूनच हात जोडून जायचा, बोटीवर गेल्यापासून आत कधी आला नव्हता. त्याने तुकडे हातात घेतले आणि शाळेत उभं केल्यासारखा बोलायला लागला.

"नाव कुओ हाई-शेंग. वय सत्तावन्न. पत्ता इतकी वर्षं बोटीचा होता, आता आईच्या घरी, तिसरा मजला. मी मागायला काही आलेलो नाही. मला आता कुठे जायचं नाहीये. पण ही माझी आई, ल्याओ पी-युन, वय एक्क्याऐंशी. हिची आई ही सहा वर्षांची असताना गेली. पुढे माझे वडील गेले. मग मी गेलो. हिच्यासाठी कोणी कधी दोरा बांधला नाही. आता मी सांभाळीन, पण मला इंजिनाशिवाय काही येत नाही. तेव्हा माझ्या जागी तू हिला घे. दोरा दरवर्षी मी आणीन."

"काय बोलतोस!" पी-युनने त्याच्या दंडावर चापट मारली. "मी? या वयात? लोक हसतील."

"लोकांचं राहू द्या," चुआंग म्हणाले. "आधी देवी हसते का बघू."

त्याने तुकडे टाकले.

एक सपाट, एक फुगीर.

त्याने पुन्हा टाकले. एक तुकडा घरंगळत माझ्या पायाशी आला, कडेवर उभा राहिला, डुलला. मी माझं सगळं लाकूड आवरून धरलं. तो तुकडा पडला. फुगीर बाजू वर. दुसरा सपाट.

तिसऱ्यांदा टाकताना हाई-शेंगने डोळे मिटले होते. त्यामुळे त्याने पाहिलं नाही. रांगेतल्या हेल्मेटवाल्या पोरीच्या तोंडून "आई गं!" निघालं, त्यावरून त्याला कळलं.

चुआंग यांनी टोपलीतला हाई-शेंगच्या नावाचा दोरा उचलला आणि धूपपात्रावरून तीनदा फिरवला. सदऱ्यावर ठेवण्यापुरता आखूड केलेला दोरा तिच्या गळ्यात पुरेना, तेव्हा त्यांनी नवा लाल दोरा जोडला आणि गाठ मारली. नाणं तिच्या सुरकुतलेल्या गळ्याशी लोंबलं. पी-युनने ते दोन बोटांत धरलं आणि चेहरा वर करून देवीकडे बघितलं. तिला काय दिसलं मला ठाऊक नाही. पण मणी हलत होते, आणि वारा नव्हता.

तिला उठता येईना. दोन्ही पाय बधिर झाले होते. हाई-शेंगने तिला उचललं आणि घटकाभर माझ्यावरच बसवलं. माझ्यावर बसायची रीत नाही. चुआंग यांनी ते पाहिलं आणि मुद्दाम पाठ करून राख चाळायला घेतली. बाई किती हलकी होती! एक लाल कासव तिने तिथेच अर्धं मोडून हाई-शेंगला दिलं, अर्धं आपण खाल्लं, आणि रांगेतल्या पोरीला म्हणाली, "ये गं, तूही घे, सोळा कोण संपवणार?" मग मुलाचा दंड धरून ती वाघ कोरलेल्या, बाहेर जायच्या दाराने गेली आणि स्कूटरींच्या गलक्यात दिसेनाशी झाली.

माझं म्हणाल तर मी आता म्हातारा झालोय. डावा पुढचा पाय ओलीने कुजला, चुआंग यांनी खाली पाचर मारलीय. देवळाच्या मंडळाचे लोक म्हणतात, मऊ फोमच्या नव्या चौकटी आणू, हलक्या असतात, पुसायलाही बऱ्या. आणा बापडे. मला तळघरात ठेवलं तरी मी कुरकुरणार नाही.

एकच गोष्ट मला अजून कळलेली नाही. ते दोन तुकडे फरशीवर कोण पालथे घालतं? मी एका हाताच्या अंतरावरून शंभर वर्षं बघतोय. तिचा हात हललेला मी कधी पाहिला नाही.

तुम्ही इकडे आलात, तर सावकाश टेका, नाव-पत्ता सांगा आणि मनात असेल ते बोला. मी ऐकलेलं कुणाला सांगत नाही. हे एवढं सांगितलं, कारण ते माझ्या पोटात मावेना.